एम.ए. झालेला सफाईवाला : अप्पासाहेब पटवर्धन

सांडपाण्याच्या गाळापासून प्लास्टिक बनवता येतं असं सांगितलं, की ऐकणारा आधी नाक मुरडतो आणि मग विचारतो, खरंच का रे? मेसमध्ये जेवताना तर हा विषय काढायची सोयच नाही! पण सेमिनारसाठी मी हाच विषय घेतला आणि गेले काही महिने गाळ, बॅक्टेरिया आणि पॉलिमर याशिवाय दुसरं काही वाचलं नाही. वाचता वाचता मी अशा एका माणसापर्यंत येऊन पोहोचलो, ज्यांचा प्लास्टिकशी काडीचाही संबंध नव्हता. इंजिनिअरिंगची डिग्रीही त्यांच्याकडे नव्हती. पण ज्याला आपण घाण म्हणतो त्यातच संपत्ती दडलेली आहे, हे त्यांनी सारं आयुष्य घालून दाखवून दिलं. ते म्हणजे अप्पासाहेब पटवर्धन.

होस्टेलवरच्या सिंधुदुर्गातल्या मित्रांना हे नाव ओळखीचं असेल. राधानगरी, दाजीपूर करत एसटी फोंडा घाट उतरते आणि कणकवली येते. त्या कणकवलीजवळ अप्पांचा गोपुरी आश्रम आहे. कोकणात त्यांना कोकणचे गांधी म्हणत. आपल्या घाटावरच्या मुलांना मात्र गांधी माहीत, विनोबा माहीत, गाडगेबाबा माहीत. अप्पासाहेब विचारले तर बहुतेक जण गप्प बसतील. म्हणून हा लेखप्रपंच.

अप्पांचं पूर्ण नाव सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन. जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. घर ब्राह्मणाचं, मुलगा अतिशय हुशार. शिकत शिकत ते एम.ए. झाले, तेही तत्त्वज्ञान घेऊन. मित्रांनो, त्या काळात एम.ए. म्हणजे काय चीज होती, याची आज आपल्याला कल्पना यायची नाही. पंचक्रोशीत एखादा मॅट्रिक झाला तरी त्याला बघायला लोक यायचे. एम.ए. झालेल्याला सरकारी नोकरी, प्राध्यापकी, पगार, मान, सगळं हात जोडून उभं असायचं. अप्पांनी काही काळ शिकवलंसुद्धा. पण त्यांचं मन तिथे रमलं नाही. देशात गांधींचं वारं सुरू झालं होतं. अप्पा नोकरीची वाट सोडून साबरमतीच्या आश्रमात दाखल झाले आणि पुढे काम करायला पुन्हा आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात परत आले.

गांधीजींचं आत्मचरित्र मराठीत आणलं ते याच अप्पांनी. आपल्यापैकी ज्यांनी 'सत्याचे प्रयोग' मराठीतून वाचलं असेल, त्यांनी पहिल्या पानावर अनुवादकाचं नाव बघावं. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन म्हणजे हेच. १९३० मध्ये शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यातही अप्पा पुढे होते. म्हणजे कायदेभंग, तुरुंग, भाषांतर, आश्रम हे सगळं झालं. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या अनेक देशभक्तांची होऊ शकेल. अप्पांचं वेगळेपण पुढे सुरू होतं, आणि तेही तुरुंगात.

१९३२ साली अप्पा रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तेव्हा तुरुंगातली कामं जातीवर वाटलेली असत. संडास साफ करणं, मैला उचलणं हे काम ठराविक जातीच्या कैद्यांनीच करायचं. या कामाला तेव्हा भंगीकाम म्हणत. आज तो शब्द अपमानाचा मानला जातो आणि ते योग्यच आहे. अप्पांनी तुरुंगाच्या अधिकाऱ्यांकडे मागणी केली की हे काम मला द्या. अधिकारी बुचकळ्यात पडले असणार! कामातून सुटका मागणारे कैदी त्यांनी रोज पाहिले होते, पण हे काम मागणारा ब्राह्मण एम.ए. कुठून आला? नियमावर बोट ठेवून त्यांनी नकार दिला. अप्पांनी मग अन्न कमी करून उपोषणाचा मार्ग धरला.

ही बातमी येरवड्याला गांधीजींपर्यंत गेली. ते स्वतः तिथे कैदेत होते आणि पुणे करार होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. अप्पांच्या मागणीला पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनीही उपवास सुरू केला. सरकारने फेरविचाराचं आश्वासन दिलं तेव्हा तो थांबला. एका जिल्ह्याच्या तुरुंगातला संडास कोणी साफ करायचा, हा प्रश्न असा थेट सरकारच्या दारात जाऊन उभा राहिला.

हे वाचलं तेव्हा मला अप्पांचं कौतुक वाटलं, पण मनात एक शंकाही आली. ती इथे मांडतो, कारण डिबेटमध्ये कोणीही हा मुद्दा काढेलच. जो माणूस हे काम हौसेने मागून घेतो, तो ते केव्हाही सोडू शकतो. ज्याच्या माथी ते जन्माने मारलं गेलं, त्याला सोडायचा पर्यायच नसतो. पहिल्याला त्यातून मान मिळतो, दुसऱ्याला विटाळ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कामाला पवित्र वगैरे म्हणायला कायम विरोध केला आणि ही कामं सोडा, शिका, असं आपल्या माणसांना सांगितलं. एका एम.ए. झालेल्या माणसाने टोपली उचलली म्हणून बाकी लाखो टोपल्या खाली उतरत नाहीत, हे अगदी खरं आहे.

आणि इथेच मला अप्पा मोठे वाटतात. कारण ते टोपली उचलून थांबले नाहीत. ही टोपलीच कोणाला उचलावी लागणार नाही, असा संडास कसा बांधता येईल, या प्रश्नाला ते भिडले. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे इंजिनिअर झाला, असं मी तरी म्हणेन.

स्वातंत्र्य मिळालं आणि १९४८ साली कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा राहिला. आश्रम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडं, कुटी आणि प्रार्थना येते. गोपुरी म्हणजे खरं तर वर्कशॉप होतं. मेलेली जनावरं ओढून आणायची, सोलायची, कातडी कमवायची. हे कामही गावगाड्याने ठराविक जातींवर ढकललेलं आणि त्यापायी त्यांना अस्पृश्य ठरवलेलं. अप्पांनी स्वतः ते हातात घेतलं. कोल्हापूरकरांना यातलं थोडंफार कळेल. आपण ज्या कोल्हापुरी चपला मिरवतो, त्यांच्यामागे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमावणाऱ्यांच्या किती पिढ्यांचं ज्ञान आहे! ते ज्ञान वापरायचं, चप्पल पायात घालायची आणि ज्याने ती केली त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हा आपल्या समाजाचा जुना न्याय.

जरा केमिकलवाल्यांच्या नजरेने बघू. मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं तर गिधाडं, कुत्री, दुर्गंधी आणि रोगराई. तेच नीट हाताळलं तर कातडं मिळतं, चरबी मिळते आणि हाडांचं खत होतं, ज्यात फॉस्फरस भरपूर असतो. कोकणातल्या तांबड्या जमिनीत पिकाला फॉस्फरस सहजी मिळत नाही, कारण तिथलं लोह आणि ॲल्युमिनियम तो धरून ठेवतात. म्हणजे गाव ज्याला विटाळ म्हणून लांब फेकत होतं, त्यातच शेताला हवं असलेलं द्रव्य होतं.

संडासाचंही तसंच. त्या काळी एकतर उघड्यावर जायचं, नाहीतर टोपलीचे संडास. शहरातल्यासारखी गटारव्यवस्था खेड्यात येणं शक्यच नव्हतं. पाणी नाही, पैसा नाही. अप्पांनी खेड्याला परवडतील असे संडास करून पाहिले आणि त्यांचा प्रचार केला. गोपुरी संडास या नावाने ते ओळखले गेले. तत्त्व अगदी साधं. मैल्यासाठी दोन कप्पे किंवा दोन खड्डे ठेवायचे. एक वापरात असताना त्यात माती, राख, पालापाचोळा टाकत राहायचं. तो भरला की बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्या मैल्याचं खत झालेलं असतं. या खताला मराठीत फार सुंदर शब्द आहे, सोनखत. आपल्या शेतकऱ्यांनी मैल्याला सोनं म्हटलं आणि तो उचलणाऱ्याला मात्र शिवून घेतलं नाही, हा केवढा विरोधाभास!

यातलं विज्ञान समजून घेण्यासारखं आहे. खत कुजवणाऱ्या जिवाणूंना कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३० ला १ या प्रमाणात लागतात. मैल्यात हे प्रमाण ६ ते १० च्या आसपास असतं, म्हणजे नायट्रोजन जास्त. तो जास्तीचा नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो आणि नाकाला झोंबतो. उलट भाताच्या पेंढ्यात हेच प्रमाण ५० च्या वर असतं. दोन्ही एकत्र केलं की हिशोब जुळतो, वास कमी होतो आणि नायट्रोजन खतात राहतो. राखेमुळे ओल कमी होते आणि माशा बसत नाहीत. उरला प्रश्न रोगजंतूंचा. पोटातल्या जंतांची अंडी फार चिवट असतात, त्यांना मरायला काही महिने द्यावे लागतात. म्हणून दोन कप्पे. थांबणं हीच तिथली प्रक्रिया. ना मोटर, ना पंप, ना लाइट बिल. आणि महत्त्वाचं म्हणजे ताजा मैला कोणालाही हाताळावा लागत नाही. खड्डा उघडतो तेव्हा आत असते ती माती.

पुढे गोबरगॅसला संडास जोडण्याचे प्रयोगही अप्पांनी केले. शेणाबरोबर मैलाही घातला तर गॅस मिळतो, चूल पेटते आणि उरलेली मळी शेताला जाते. लोकांना हे पचवणं किती अवघड गेलं असेल बघा. त्या गॅसवर शिजवलेलं अन्न खायचं? खरं तर मिथेनला कुठली आली जात? तो शेणातून आला काय आणि संडासातून आला काय, ज्योत निळीच. पण हे पटवायला नुसतं शास्त्र पुरत नाही. सांगणाऱ्याने स्वतः ते करून दाखवलेलं असावं लागतं. अप्पांनी आधी केलं, मग सांगितलं.

त्यांच्या कामाचा धागा पुढे देहूला पोहोचला. तिथल्या आरोग्य केंद्रात १९५९ मध्ये रुजू झालेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी अप्पांच्या कामावरून प्रेरणा घेतली आणि संडासाला जोडलेल्या मलप्रभा या बायोगॅस संयंत्रावर पुढे कित्येक वर्षं काम केलं. तुकोबांच्या गावात त्यांनी घरोघरी संडास व्हावेत म्हणून जन्म वेचला. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एक तत्त्वज्ञानाचे एम.ए., दुसरे डॉक्टर. सांडपाण्याचं इतकं मोठं काम करणाऱ्या या दोघांतही इंजिनिअर कोणीच नाही, ही आपल्या शाखेने विचार करावी अशी गोष्ट आहे.

अप्पा विनोबांच्या भूदानातही फिरले. 'माझी जीवनयात्रा' हे आत्मचरित्र त्यांनी लिहिलं. १९७१ साली ते गेले. मागे इस्टेट नाही, पेटंट नाही. कणकवलीला आश्रम आहे आणि कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी आठवणी आहेत.

आता माझ्या गाळाकडे येतो, कारण अप्पांचा आणि त्याचा संबंध मला इथेच दिसला.

सांडपाण्यात हवा सोडत राहिलं की त्यातले जिवाणू वाढतात, घाण खातात आणि गाळ होऊन तळाशी बसतात. १९१४ साली मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी ही पद्धत जगापुढे ठेवली आणि आजही जगभरची केंद्रं तिच्यावर चालतात. या गाळातले काही जिवाणू भलतेच संसारी असतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर घरोघरी अगोटीची बेगमी करतात ना, तसंच. कार्बन भरपूर आहे पण नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडतोय अशी वेळ आली, की ते पेशीत पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट म्हणजे पीएचबीचे कण साठवतात. फ्रान्समध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटच्या मोरिस लेमॉय्न यांनी १९२० च्या दशकात हा पदार्थ ओळखला. गाळाला आलटून पालटून मेजवानी आणि उपास घडवला, की असे साठवणारे जिवाणूच टिकतात आणि बाकीचे मागे पडतात. मग पेशी फोडून पीएचबी बाहेर काढायचं. ते साधारण १७५ अंश सेल्सिअसला वितळतं, साच्यात ओतता येतं आणि मातीत गेलं की दुसरे जिवाणू त्याचा फडशा पाडतात.

हे फक्त परदेशात चाललंय असं नाही. आपल्या नागपूरच्या नीरी या संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. दूध आणि अन्नप्रक्रिया उद्योगाच्या सांडपाण्यातला गाळ त्यांनी घेतला आणि त्याला डिस्टिलरीचं स्पेंटवॉश पाजलं. ज्वारीच्या स्पेंटवॉशवर वजनाच्या ४२.३ टक्के पीएचबी मिळालं. तांदळाच्या स्पेंटवॉशवर, डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट घालून, हा आकडा ६७ टक्क्यांपर्यंत गेला. साखर कारखाने, डिस्टिलऱ्या आणि दूध संघ, तिन्ही असलेल्या आपल्या कोल्हापूर जिल्ह्याने याकडे बघायला नको का? अडचणी आहेतच. पीएचबी ठिसूळ असतं, पेशीतून काढायला रसायनं आणि पैसा लागतो, आणि पेट्रोलियमच्या प्लास्टिकशी किमतीत टक्कर देणं अजून जड जातं. राज्यात २०१८ साली आणि देशात २०२२ साली प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली, तरी पर्याय स्वस्त झाल्याशिवाय पिशवी सुटायची नाही.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. हा गाळ येतो कुठून? गटारातून. गटार तुंबलं की त्यात उतरतं कोण? मैला हाताने साफ करायला लावण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये त्याहून कडक कायदा झाला. गटारात गुदमरून मेलेल्यांच्या घरच्यांना १० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाला ती रक्कम ३० लाख करावी लागली. म्हणजे मधल्या काळात मरणं थांबली नव्हती. गटारात साचणारा हायड्रोजन सल्फाइड फार दगाबाज. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. वास गेला म्हणून माणूस आत जातो आणि परत येत नाही.

आपण कसबा बावड्याच्या ७६ एमएलडी क्षमतेच्या सांडपाणी केंद्राचे आकडे पाठ करतो, बीओडी काढतो, पंचगंगेच्या प्रदूषणावर पोस्टर लावतो. हे सगळं चांगलंच आहे. पण त्या आकडेमोडीत ही माणसं कुठेच येत नाहीत. उद्या गाळाचं प्लास्टिक झालं, त्याला चांगला भाव आला, कोणाला त्याचं पेटंटही मिळालं, आणि मॅनहोलमध्ये उतरणारा मात्र तोच राहिला, तर आपण नवीन काय केलं? सोनखताच्या काळात जे झालं तेच पुन्हा झालं. सोनं एकाचं आणि विटाळ दुसऱ्याचा.

अप्पासाहेबांनी डिझाइनची सुरुवात माणसापासून केली. कोणाला हात घालावा लागणार नाही, ही त्यांची पहिली अट होती. खत, गॅस, पैसा त्यानंतर. आपल्याला प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये एफिशियन्सी, कॉस्ट, पेबॅक पिरियड लिहायला शिकवतात. त्यात आणखी एक रकाना घालावा असं मला वाटतं : या प्लँटमध्ये गाळाला कोणाचा हात लागणार, आणि तो लागू नये म्हणून मी काय केलं? मी माझ्या सेमिनारच्या रिपोर्टमध्ये तो रकाना घातला आहे. व्हायव्हात त्यावर प्रश्न आला तर आनंदच आहे.

कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी करून, ज्यांना शिक्षणाचा दरवाजाच माहीत नव्हता त्यांना इथे आणून शिकवलं. त्या परंपरेत आपण राहतो. मेसच्या मावशींचं नाव आपल्याला माहीत असतं, गेटवरच्या काकांचंही माहीत असतं. सकाळी आपण उठायच्या आत ज्यांनी संडास-बाथरूम धुतलेले असतात, त्यांचं नाव किती जणांना सांगता येईल?

तेव्हा मित्रांनो, सुट्टीत कधी गोव्याला किंवा मालवणला निघालात तर वाटेत कणकवलीला थोडा वेळ उतरा आणि गोपुरी बघून या. आणि त्याआधी, उद्या सकाळी, त्या सफाईवाल्या दादांना त्यांचं नाव विचारा. त्यांना हातमोजे मिळतात का, ॲसिड उघड्या हाताने वापरावं लागतं का, हेही विचारा. मिळत नसतील तर रेक्टर सरांकडे अर्ज घेऊन जाऊ. पहिली सही माझी.